दर रोलवर तीच नारिंगी पट्टी: जुन्या कॅमेऱ्यात उजेड कुठून शिरतो?

मामाचा जपानी एसएलआर (आरशाच्या मदतीने लेन्समधूनच बघायचा फिल्म कॅमेरा) माझ्याकडे आला त्याला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मी त्याच्या मागच्या दाराच्या फटी बुजवणारा फोम तीनदा बदलला आणि दर वेळी तेच घडलं. दोन-तीन रोल स्वच्छ जायचे, जीव भांड्यात पडायचा, आणि चौथ्या रोलवर पुन्हा ती नारिंगी पट्टी. बडोद्याच्या सुरसागर तळ्याच्या काठावरचा फोटो असो की कमाटीबागेतला, एका कडेला वरपासून खालपर्यंत भाजल्यासारखा पट्टा. गेल्या वेळी तो माझ्या थोरल्या आत्याच्या चेहऱ्यावरून गेला. तिची पंच्याहत्तरी होती. तिन्ही बहिणी दांडिया बाजारातल्या जुन्या घराच्या ओट्यावर बसल्या होत्या, उन्हाची तिरीप नेमकी पायऱ्यांवर आली होती. तो फोटो आता पुन्हा मिळणार नाही. त्या दिवशी ठरवलं, फोमला हात लावायच्या आधी उजेड कुठून येतो ते शोधायचं.

हे लिहिते आहे कारण हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो आणि उत्तर सगळीकडे एकच मिळतं: फोम बदला. फोम बदलावा लागतोच. पण बदलूनही पट्टी परत येत असेल, तर कारण दुसरीकडे असतं, नाहीतर कारणं दोन असतात. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकले, आणि पुढे इथेच आगफाचे कॅमेरे बनले. इथल्या जुन्या घरांच्या कपाटांत असे कॅमेरे अजून निघतात. माझा भाचा फाइन आर्ट्सला आहे. त्याच्या वर्गातली मुलं आजोबांचे कॅमेरे घेऊन येतात आणि पहिल्याच रोलनंतर हीच तक्रार करतात.

आधी निगेटिव्ह परत मागा

आता रोल धुवायला टाकला की फोनवर स्कॅन येतात आणि काम संपलं असं वाटतं. मीही दोन वर्षं तेवढ्यावरच समाधान मानत होते. पण स्कॅन करणारं यंत्र फ्रेमच्या कडा कापतं, रंग आपल्या मनाने सावरतं, आणि ज्या खुणा बघायला हव्यात त्या नेमक्या कडांवरच असतात. म्हणून रोल देतानाच सांगायचं, निगेटिव्ह परत हवी आणि शक्य तर न कापता, आख्खी गुंडाळून.

निगेटिव्ह खिडकीशी धरली की पहिली गोष्ट बघायची ती ही: काळा डाग फ्रेमच्या चौकटीतच थांबतो, की बाहेर फिल्मच्या कडेच्या, स्प्रॉकेटच्या भोकांपर्यंत पसरतो? (निगेटिव्हवर उजेड काळा दिसतो, हे विसरू नका.) फिल्मच्या समोर धातूची चौकट असते. पुढून, म्हणजे लेन्सच्या किंवा शटरच्या बाजूने आलेला उजेड त्या चौकटीतूनच आत येतो, त्यामुळे डाग फ्रेमच्या रेषेवर कापल्यासारखा थांबतो. मागच्या दारातून आलेल्या उजेडाला कोणी अडवत नाही. तो भोकांवरून आणि दोन फ्रेमांच्या मधल्या जागेवरूनही जातो. एवढं एक बघितलं तरी निम्मा कॅमेरा संशयातून सुटतो.

रंगावरूनही कळतं. रंगीत निगेटिव्ह फिल्ममध्ये निळ्याला, हिरव्याला आणि लालला संवेदनशील थर एकावर एक असतात आणि लालचा थर सर्वांत मागे, फिल्मच्या पायाला लागून असतो. मागून शिरलेला उजेड आधी त्या लाल थरावर आपटतो, म्हणून प्रिंटवर पट्टी नारिंगी किंवा लाल उमटते. पुढून आलेला उजेड बहुधा पांढुरका, धुरकट असतो. माझी पट्टी नारिंगी होती, भोकांवरूनही गेलेली होती. म्हणजे दारच. इथपर्यंत माझा अंदाज पहिल्यापासून बरोबर होता. दाराचा कोणता भाग, तिथे मी चुकत होते.

पट्टीचा पत्ता

लेन्समधून फिल्मवर पडणारं चित्र उलटं असतं: वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे. म्हणून फोटोत पट्टी पायांकडे, जमिनीवर दिसत असेल तर कॅमेऱ्यात ती वरच्या खाचेतून आलेली असते. आकाशात दिसत असेल तर खालच्या खाचेतून. फोटोच्या डाव्या कडेला असेल तर कॅमेरा मागून बघताना उजवी बाजू धरायची, आणि बहुतेक एसएलआरमध्ये तिथेच दाराची बिजागरी असते. हे सगळं आडव्या धरलेल्या कॅमेऱ्याचं. उभा फोटो काढला असेल तर आधी तो मनातल्या मनात आडवा करून घ्या.

याच्याही पुढची एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. फिल्म डावीकडच्या डबीतून निघते, मधल्या चौकटीसमोरून जाते आणि उजवीकडच्या रिळावर गुंडाळली जाते. फोटो काढून लीव्हर ओढला की नुकताच काढलेला फोटो चौकटीतून सरकून बिजागरीच्या बाजूला जातो. म्हणजे बिजागरीतून शिरणारा उजेड काढून झालेल्या फोटोवर पडतो. खिटीच्या बाजूने, डबीकडून शिरणारा उजेड अजून न काढलेल्या फोटोवर पडतो.

आता माझा रोल बघा. सुरसागरला मी एक फोटो काढला, लीव्हर ओढला, कॅमेरा कठड्यावर उन्हात ठेवला आणि चहा घेतला. चहानंतर पुढचा फोटो काढला. मला वाटायचं, पट्टी चहानंतरच्या फोटोवर असणार, कारण तोच तर उन्हात होता. निगेटिव्हवर पट्टी आधीच्या फोटोवर निघाली. आत्याच्या फोटोचंही तसंच. तो काढून मी कॅमेरा ओट्यावर ठेवला आणि आत चकल्या घ्यायला गेले. पुढचा फोटो, ताटांचा, अगदी निर्मळ आला आहे.

तेव्हा पुढच्या रोलला एक छोटी वही जवळ ठेवा. कॅमेरा जिथे जिथे पाच मिनिटांपेक्षा जास्त उघड्यावर पडून राहिला, तिथे फ्रेमचा आकडा लिहा. पट्टी त्या आकड्याच्या आधीच्या फोटोवर आली तर बिजागरी. नंतरच्या एक-दोन फ्रेमांवर आली तर खिटी किंवा डबीची बाजू. आणि पट्टी एकीवर गडद, तिच्या आधीच्या फ्रेमवर फिकी, त्याच्याही आधी आणखी फिकी अशी ठरावीक अंतराने येत असेल, तर उजेड रिळावर गुंडाळलेल्या फिल्मच्या थरांतून झिरपतो आहे. तीही बिजागरीचीच खूण.

फोम का विरघळतो

सगळ्याच जुन्या कॅमेऱ्यांना हा रोग नसतो, आणि यामागे कॅमेऱ्याच्या घडणीचा इतिहास आहे. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या लायकाला मागचं दारच नव्हतं. फिल्म तळाकडून सरकवायची. १९५४च्या लायका एम थ्रीला मागे छोटी झडप आली, पण तळ काढण्याची पद्धत तशीच राहिली. १९२९च्या रोलायफ्लेक्समध्ये दाराची कडा खोल खाचेत बसते आणि उजेडाला इतकी वळणं घ्यावी लागतात की तो वाटेतच संपतो. निकॉन एफचं (१९५९) मागचं दार तळासकट सबंध निघून हातात येतं. बिजागरीचं दार निकॉनच्या त्या घराण्यात १९७१च्या एफ टूपासून आलं.

साठ-सत्तरच्या दशकांत जपानी कारखान्यांतून कॅमेरे लाखांनी निघू लागले. प्रत्येक खाच घासूनपुसून जुळवण्यापेक्षा खाचेत पॉलियुरेथेन फोमची पट्टी चिकटवणं सोपं आणि स्वस्त होतं, आणि ती नवी असताना काम उत्तम करते. याशिका इलेक्ट्रो ३५ (१९६६), ऑलिम्पस ट्रिप ३५ (१९६७), ऑलिम्पस ओएम वन (१९७२), कॅनन एई वन (१९७६) हे सगळे याच रीतीचे. पण हा फोम हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटत जातो. आधी भुसभुशीत होतो, मग चिकट काळा लगदा. कॅमेरा वापरला नाही, नुसता कपाटात ठेवला, तरीही. बडोद्याचा पावसाळा आणि चामड्याचं बंद पाकीट, दोन्ही एकत्र आले की त्याला वेळ लागत नाही.

रावपुऱ्यातल्या एका दुरुस्तीवाल्या काकांनी मामाच्या कॅमेऱ्याचं दार पहिल्यांदा उघडलं तेव्हा नखाने फोमला स्पर्श केला. नखावर काळा तार आला, गुळाच्या पाकासारखा. ते म्हणाले, "बेन, आ फोम नथी रह्यो, आ तो डामर थई गयो छे." खरोखर डांबरच झालं होतं.

माझी चूक कुठे झाली

स्टेशनरीच्या दुकानात मुलांच्या हस्तकलेसाठी काळ्या फोमचे कागद मिळतात, दोन मिलिमीटर जाडीचे. मी त्याच्याच पट्ट्या कापून वरच्या, खालच्या खाचेत आणि बिजागरीला लावल्या. दार जोर लावून बंद करावं लागे. मला ते चांगलं लक्षण वाटलं, घट्ट म्हणजे उजेडबंद.

तिसऱ्यांदा पट्टी आल्यावर तोच कॅमेरा घेऊन काकांकडे गेले. त्यांनी दार बंद केलं आणि कॅमेरा डोळ्यांसमोर आडवा धरून मला दाखवला. खिटीच्या बाजूला दार अंगाशी बसलं होतं. बिजागरीच्या बाजूला केसाएवढी फट होती, तिथे नखाची कड आत जात होती. खाचांतला जाड फोम दाराला बाहेर ढकलत होता, खिटी एका टोकाला धरून ठेवत होती, त्यामुळे दार दुसऱ्या टोकाला उचललं गेलं होतं. नवा असताना बिजागरीचा फोम फुगून ती फट भरून काढायचा. महिन्या-दोन महिन्यांत तो दबून चपटा व्हायचा, कारण हस्तकलेचा फोम एकदा दबला की पुरता उसळून वर येत नाही. दोन-तीन रोल स्वच्छ आणि चौथ्यावर पट्टी, याचं कारण हे. माझी दुरुस्तीच गळतीला वाट करून देत होती.

वरच्या-खालच्या अरुंद खाचेत जाड काही नको. तिथे काळ्या लोकरीचा धागा सर्वांत चांगला, मध्यम जाडीचा, विणकामाला वापरतात तोच. मंगळबाजारात लोकरीचा गुंडा सहज मिळतो आणि एका गुंड्यात दहा कॅमेरे होतील. बिजागरीला मात्र दबून परत उसळणारा मऊ फोम हवा, दीड ते दोन मिलिमीटरचा. कॅमेऱ्यासाठी कापलेले संच मिळतात ते घ्या. नाही मिळाले तर काळी मखमलीची फीत दोन पदरी लावली तरी चालते. दार बंद करताना खिटीचा हलका 'टक' आवाज आला पाहिजे. जोर लावावा लागला तर जाडी जास्त झाली आहे, काढा आणि पातळ करा.

जुना फोम काढताना

या कामाला मी एक सबंध दुपार देते. घाई केली की लगदा शटरवर पडतो, आणि मग कॅमेरा खरंच बिघडतो.

दार उघडून शटरच्या पडद्यासमोर जाड कागद चौकटीएवढा कापून ठेवायचा आणि कडांना सौम्य टेप लावायचा. पडद्याला बोटही लावायचं नाही. कॅमेरा उताणा न ठेवता दार खाली येईल असा धरायचा, म्हणजे निघालेले कण आत न जाता खाली पडतात. मोठा भाग बांबूच्या दातकोरणीने खरवडून काढायचा. धातूचा स्क्रू-ड्रायव्हर नको, काळा रंग निघतो आणि उघडा चकचकीत धातू उजेड परावर्तित करतो. उरलेल्या डांबरासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे हमखास असतं. कापसाच्या काडीवर दोन थेंब घ्या, ओली गच्च करू नका. लगदा मऊ व्हायला मिनिटभर थांबा, मग पुसा. काडी काळी निघेल, फेका, दुसरी घ्या. शेवटची काडी पांढरी निघेपर्यंत हे चालू ठेवायचं. मला साधारण तीस काड्या लागतात. माझ्या पहिल्या खेपेला मी दहावर थांबले होते. जुन्या चिकटपणावर नवी पट्टी बसली, पण उन्हात ती सरकून खाचेच्या एका टोकाला गोळा झाली.

लोकर बसवताना खाचेच्या तळाला अगदी पातळ रबर-गोंद लावायचा, धागा वरून ठेवायचा आणि दातकोरणीच्या बोथट टोकाने थोडा थोडा दाबत न्यायचा. ओढू नका. ओढलेला धागा नंतर आखडतो आणि टोकाला जागा उघडी पडते, आणि टोकं म्हणजे नेमके बिजागरीचे कोपरे. रात्रभर दार उघडं ठेवून वाळू द्या.

एसएलआर असेल तर आरसा वर आपटतो तिथेही फोमची पट्टी असते. ती विरघळली की तिचे कण वरच्या धूसर काचेवर पडतात आणि व्ह्यूफाइंडरमधून काळे ठिपके दिसतात. फोटोवर ते येत नाहीत. पण त्या काचेला अल्कोहोल कधीही लावू नका, प्लास्टिकची असेल तर कायमची खराब होते. हवेचा फुगा मारायचा, तेवढंच.

ओलाव्याचं म्हणाल तर, २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर कित्येक घरांतली कपाटं आठवडे-आठवडे दमट राहिली. कॅमेरा पाण्यात भिजला नसेल तरी त्या दमटपणात राहिलेल्याचा फोम आधी तपासा. चामड्याचं पाकीट शोभेला ठेवा. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत बरा.

लाल खिडकीचे कॅमेरे

आमच्या घरात बाबांचा क्लिक थ्रीही आहे. आगफाचा हा कॅमेरा इथे, बडोद्यातच, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात बनत असे. त्यात १२० नंबरचा रोल बसतो आणि कितवा फोटो आहे ते मागच्या छोट्या लाल खिडकीतून वाचायचं असतं. याच्या तक्रारी वेगळ्या. इथे डाग फ्रेमच्या मधोमध गोल, नाहीतर रोलच्या दोन्ही कडांना धुरकट काळेपणा असा असतो.

मधोमधचा गोल डाग बहुतेक वेळा त्या लाल खिडकीचा. खिडकी लाल का, हे समजलं की इलाज आपोआप सुचतो. अमेरिकेत सॅम्युएल टर्नरने १८९२ मध्ये बुल्स-आय नावाचा कॅमेरा काढला, त्यात फिल्मच्या पाठीला काळा कागद, कागदावर आकडे आणि ते वाचायला लाल खिडकी होती. कोडॅकच्या ईस्टमनने टर्नरची कंपनी १८९५ मध्ये विकत घेतली. पुढे १९०१ मध्ये कोडॅकच्या ब्राउनी नंबर टू कॅमेऱ्याबरोबर आलेला १२०चा रोल याच पद्धतीचा, आणि तो आजही मिळतो. त्या काळची सर्वसाधारण फिल्म निळ्याला आणि फार तर हिरव्याला प्रतिसाद द्यायची. लाल तिला दिसतच नसे. म्हणून डार्करूममध्येही लाल दिवा चालायचा आणि कॅमेऱ्याला लाल खिडकी चालायची. १९०६ मध्ये इंग्लंडातल्या क्रॉयडनच्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने सगळे रंग दिसणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा (फिल्मऐवजी वापरायच्या प्लेटा) विकायला काढल्या, आणि पुढच्या काही दशकांत रोलही तसेच झाले. आज आपण जी फिल्म भरतो तिला लाल दिसतो. खिडकीची काच तीच राहिली, फिल्म बदलली. आता फिल्म आणि ऊन यांच्यामध्ये आहे तो फक्त मागचा कागद.

म्हणून लाल खिडकीवर काळी इन्सुलेशन टेप लावायची, एक टोक दुमडून, म्हणजे उचलायला सोपं. रोल पुढे नेताना कॅमेरा अंगाच्या सावलीत धरायचा, टेप उचलायची, आकडा आला की लगेच चिकटवायची. आम्ही हे सुरू केल्यापासून क्लिकच्या एकाही रोलवर गोल डाग आला नाही.

कडांचा काळेपणा हा कॅमेऱ्याचा दोष नसून बहुधा रोल सैल गुंडाळला गेल्याचा असतो. सैल रोल मधून फुगतो, कागदाची कड रिळाच्या चकतीला चिकटून राहत नाही आणि काढताना तिथून उजेड आत जातो. रोल चढवताना आणि काढताना सावलीत उभं राहा, कागदाला अंगठ्याने हलका ताण ठेवा, काढल्यावर चिकटपट्टी लगेच लावा आणि रोल काळ्या पिशवीत टाका. मी एकदा लक्ष्मीविलासच्या फाटकासमोर भर दुपारी रोल बदलला होता. बाराही फोटोंच्या कडा गेल्या.

भाता आणि पडदा

घडीच्या कॅमेऱ्यांना पेटीसारखा भाता असतो. आगफा आयसोलेटच्या भात्याचे कोपरे सुईच्या टोकाएवढे फाटतात, हे या कॅमेऱ्याच्या बाबतीत सर्वश्रुत आहे. त्याचा डाग फ्रेमच्या आत असतो, धुरकट, आणि दर फोटोत जवळजवळ त्याच जागी. तपासायला अंधारी खोली आणि छोटा टॉर्च पुरतो. मागचं दार उघडून टॉर्च आत घाला, भाता पूर्ण ताणा आणि चारी बाजूंनी फिरवून बघा. छिद्र असेल तर चांदणीसारखं लुकलुकतं. काळ्या फॅब्रिक कलरचा पातळ थर तात्पुरता चालतो, पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालायची नाही. छिद्रं चार-पाच असतील तर नवा भाता हाच उपाय.

शटरचा पडदा कापडी असलेल्या रेंजफाइंडरमध्ये (लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून बघायचा कॅमेरा) दर फोटोत एकाच जागी पांढरा ठिपका येत असेल तर पडद्याला भोक पडलं आहे. या कॅमेऱ्यांत आरसा नसतो, त्यामुळे लेन्सला झाकण नसताना कॅमेरा सूर्याकडे तोंड करून राहिला तर भिंगासारखा उजेड थेट कापडावर गोळा होतो आणि ते जळतं. रेंजफाइंडर गळ्यात असेल तर लेन्सवर झाकण ठेवायची सवय लावा.

पट्टी दिसते पण गळती नसते

रोलच्या पहिल्याच दोन-तीन फ्रेमा जळल्या असतील तर ती रोल चढवतानाची गोष्ट आहे. फोटोतल्या सूर्याच्या रोखाने सरकणारे गोळे लेन्सच्या चकाकीचे. भोकांच्या रेषेत उभ्या फिकट लाटा येत असतील तर धुताना डबा हलवण्यात चूक झाली आहे. फक्त १/१००० सेकंदाच्या वेगावर एका कडेला काळपट पट्टा आणि बाकी वेगांवर काही नाही, तर शटरचे पडदे बरोबरीने धावत नाहीत, त्यासाठी कारागीरच हवा. आणि दोन वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचे रोल एकाच वेळी धुवायला देऊन दोन्हींवर एकसारखी पट्टी आली, तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका.

दुरुस्ती झाली की नाही, ते कसं कळणार

आत्याच्या फोटोनंतर मी अंदाजावर विसंबणं सोडलं. भाच्याने सुचवलेली पद्धत ही: स्वस्तातला कृष्णधवल रोल चढवायचा, लेन्सला झाकण आणि त्यावर ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळायची. भर दुपारी गच्चीवर जायचं. कॅमेऱ्याची बिजागरीची बाजू दोन मिनिटं सूर्याकडे धरायची, मग झाकण ठेवूनच चार फ्रेमा पुढे न्यायच्या. नंतर खिटीची बाजू दोन मिनिटं, पुन्हा चार फ्रेमा. मग वरची, खालची, मागची, शेवटी पुढची. कोणती बाजू कितव्या फ्रेमवर, ते लिहून ठेवायचं. रोल धुतला की गळती असेल तर काळा डाग कोणत्या आकड्याजवळ आहे ते दिसतं. नसेल तर फिल्म सबंध पारदर्शक निघते.

आमचा तो रोल फाइन आर्ट्समधल्या भाच्याच्या मित्राने धुतला. पहिल्या खेपेला पहिल्या आकड्याजवळ, बिजागरीपाशी, अजून एक फिकी रेघ होती. म्हणजे लोकर बसली, दार अंगाशी आलं, पण बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यात मखमल पाव इंच कमी पडली होती. ती काढून नवी लावली आणि चार महिने मुद्दाम रोज वापरात ठेवून, दार पन्नासेकदा उघडून-मिटून, पुन्हा तीच परीक्षा घेतली. या वेळी फिल्म खिडकीशी धरली तेव्हा आकड्यांशिवाय तिच्यावर काहीच नव्हतं. फिल्मची ती पट्टी मी कॅमेऱ्याच्या डब्यात ठेवली आहे, तारीख लिहून. पुढच्या पावसाळ्यानंतर नवी काढून तिच्याशेजारी धरीन.